दोन माइक मिसळताना

मुलाखतीत कॉलर माइक डाव्या चॅनेलवर आणि बूम माइक उजव्या चॅनेलवर घेतात. दोन्ही सुटे ऐकले तर स्वच्छ असतात, पण एडिटिंगमध्ये एकत्र केले की बोलणं पोकळ होतं, डब्यातून आल्यासारखं. दोष बहुधा माइकचा नसतो, अंतराचा असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. बूम तोंडापासून तेवढा जास्त दूर असला, की ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. शब्द कळायला लागणारा पट्टा नेमका हाच!

बूमची क्लिप तेवढीच अलीकडे सरकवावी. फ्रेमने सरकवून भागत नाही: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची होते. टाइमलाइनवर ऑडिओची सूक्ष्म एककं दाखवण्याची सोय चालू करा. ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात एक मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. तरीही आवाज भरीव होत नसेल, तर एका चॅनेलची पोलॅरिटी उलटवून पाहा. एकच आवाज दोन चॅनेलवर उलट पोलॅरिटीने आला असेल, तर हेडफोनवर तो ऐकू येतो आणि एकाच स्पीकरच्या मोबाइलवर चक्क नाहीसा होतो. म्हणून मोनोत ऐकून तपासणं टाळू नये.

माणूस बोलताना मान वळवतो, अंतर बदलतं, जुळवलेलं पुन्हा हुकतं. त्यामुळे माझ्या मते मिसळूच नये: वाक्यागणिक जो माइक चांगला, तोच ठेवावा आणि दुसरा बंद करावा.