बाळाच्या सहाणेवरील हळकुंड

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत बाळगुटीची पिशवी जपून ठेवलेली असते. वेखंड, मायफळ, मुरडशेंग, सुंठ, खारीक यांच्या जोडीला तीत एक हळकुंड असावयाचेच. घरातील वडीलधारी बाई प्रत्येक जिन्नसाचे ठरलेले वेढे सहाणेवर उगाळते व ती गुटी बाळाला चाटविते. मूल मोठे झाले की पडशाखोकल्यात हळद घातलेले ऊन दूध, खरचटले की चिमूटभर हळद, हा क्रम पुढे चालू राहतो. हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मालाचा शेवटचा मुक्काम असा अगदी तान्ह्या मुलाच्या जिभेपर्यंत आहे.

अलीकडे या जुन्या विश्वासाला बाजाराने नवे नाव दिले आहे. हळदीतील ‘कर्क्युमिन’ हे द्रव्य मुलांची रोगप्रतिकारशक्ती वाढविते, अशा जाहिरातीने गोळ्या, थेंब आणि दुधात घालावयाच्या भुकट्या विकल्या जातात. आपल्या पिकाची अशी थोरवी ऐकून शेतकऱ्यास आनंद व्हावा हे साहजिक आहे. तथापि यातील खरे किती हे पाहणे अगत्याचे आहे.

कर्क्युमिन हे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य होय. व्होगेल व पेलेटिए या शास्त्रज्ञांनी ते १८१५ साली हळदीतून वेगळे काढले व त्याची रासायनिक रचना १९१० साली निश्चित झाली. वाळलेल्या हळदीत ते साधारणतः शेकडा २ ते ५ असते. प्रभा, प्रतिभा यांसारख्या सुधारित जातींत ते शेकडा ६ च्या आसपास जाते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. फोडणीच्या तेलात अथवा सायीच्या दुधात हळद घालण्याची आपली रीत या दृष्टीने योग्यच म्हटली पाहिजे. हळदीला चुना लागताच ती लाल होते, हाही याच द्रव्याचा धर्म.

प्रयोगशाळेत, काचपात्रातील पेशींवर, कर्क्युमिन दाह कमी करते असे अनेकदा दिसून आले आहे. अडचण आहे ती पोटात गेल्यानंतरची. आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. १९९८ साली बेंगळूर येथे केलेल्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले असता रक्तात पोहोचणारे प्रमाण सुमारे वीसपट झाले. परंतु हा प्रयोग प्रौढ माणसांवरचा होता, आणि २ ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून मिळवावयाचे तर ५० ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल! मुलाच्या पेल्यात पडणाऱ्या पाव ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम ७-८ मिलिग्रॅम असते.

म्हणून अधिक प्रमाण गोळीतून द्यावे असे कोणी म्हणेल. अन्नातील रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरविलेली रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम आहे. १० किलोच्या मुलाला ती ३० मिलिग्रॅम पडते. घरच्या स्वयंपाकातील हळद ही मर्यादा सहसा ओलांडीत नाही, गोळी मात्र सहज ओलांडते. इटलीत २०१९ साली अशा गोळ्या घेणाऱ्या काही प्रौढांना यकृताची सूज आल्याचे आढळून आले व तेथील शासनास सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. मुलांना कर्क्युमिन दिल्याने त्यांचे आजारपण कमी होते, असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. जखमेवरील हळदीचे अमेरिकेतील पेटंट डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९७ साली रद्द करविले, त्याचा दाखला या संदर्भात कित्येकदा देतात. त्या निकालाने हे ज्ञान जुने व आपले आहे एवढे ठरले. औषधाचा गुण किती, हा प्रश्न तेथे नव्हताच.

मुलाच्या प्रतिकारशक्तीची खरी भिस्त आईचे दूध, वेळच्या वेळी लसी, डाळ-भाकरी-भाजी-अंडी असा चौरस आहार व स्वच्छ पाणी यांवर आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. गुटीही त्यातून सुटत नाही, हे घरातील वडील मंडळींना थोडे जड जाईल खरे.

मात्र त्याच हळकुंडाने मुलाचा घात होऊ शकतो, आणि तो टाळणे शेतकरी व व्यापारी यांच्या हाती आहे. निस्तेज हळकुंडांना चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी त्यांवर लेड क्रोमेट हा भडक पिवळा रंग चढविला जातो. हा मुळात भिंती-लोखंडाच्या रंगातला पदार्थ. त्याच्या वजनात शेकडा ६४ भाग शिसे असते. किलोभर हळदीत तो एक ग्रॅम मिसळला तरी शिसे किलोमागे ६४० मिलिग्रॅम होते. कायद्याने मर्यादा आहे ती १० मिलिग्रॅम. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चौपट-पाचपट शोषून घेते. त्याने मेंदूची वाढ खुंटते, रक्त कमी होते, आणि झालेली हानी भरून येत नाही. शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही.

बांगलादेशात या रंगाचा वापर १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. पुराच्या पाण्याने हळद ओली राहून काळवंडली व व्यापाऱ्यांनी तिला रंग दिला. पुढे ती चालच पडली. २०१९ साली तेथे बाजारातील हळदीच्या शेकडा ४७ नमुन्यांत शिसे सापडले. व्यापाऱ्यांना समज देणे, जाहीर प्रसिद्धी व दंड हे तिन्ही उपाय शासनाने एकदम योजले आणि २०२१ साली असा एकही नमुना आढळला नाही. भारतात पाटणा येथील काही नमुन्यांत मर्यादेच्या शंभरपटीहून अधिक शिसे मिळाल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नमूद आहे.

रंगाची गरज निर्माण होते ती कच्च्या प्रक्रियेतून. काढणीनंतर हळद दोन-चार दिवसांत शिजवावी. फेस येऊन विशिष्ट वास सुटला व काडी गड्ड्यात सहज शिरली की ती उतरवावी. जास्त शिजल्यास रंग बिघडतो. जेठे गड्डे व हळकुंडे वेगवेगळी शिजवावीत, कारण दोहोंस लागणारा वेळ सारखा नसतो. स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर दोन-तीन बोटे जाडीचा थर देऊन दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवावी. रात्री झाकून ठेवण्यास चुकू नये, कारण दव लागलेला मालच पुढे मळकट दिसतो. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला म्हणजे ते वाळले असे समजावे. मग पिंपात घोळून पॉलिश करावे. शेवटी झळाळी हवीच असेल तर हळदीचीच बारीक पूड वापरावी, दुसरा कोणताही रंग वापरू नये. अशा मालाला सांगलीसारख्या बाजारपेठेत रंगाविना गिऱ्हाईक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

गृहिणींनी हळकुंड आणल्यावर ते पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. रंग दिलेले हळकुंड जास्तच भडक दिसते व पाण्यात लगेच पिवळा रंग सोडते. ही परीक्षा ढोबळच आहे; शंका वाटल्यास ते हळकुंड सहाणेवर न घेता नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तपासणीस द्यावा.