धड ड्रेस्डेनचं, मस्तक बोलोन्याचं

धड जर्मनीत होतं, मस्तक इटलीत; आणि ती दोन्ही एकाच देवीची असतील, अशी शंकाही कुणाला आलेली नव्हती.

धड होतं ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात. सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस याने १७२८ साली रोमहून पुराण्या मूर्तींची घाऊक खरेदी केली, तेव्हा अथीना देवीचे अगदी सारखे दिसणारे दोन पुतळे त्यात आले. त्या काळी मोडकी मूर्ती दिवाणखान्यात शोभत नसे. म्हणून कारागीर नवे हात, नवं नाक, जमलं तर नवं डोकंही बसवून देत. पुढे संग्रहाचे प्रमुख गेऑर्ग ट्रॉय यांनी असली ठिगळं उतरवायला घेतली आणि मूर्तींचं खरं रूप हळूहळू दिसू लागलं.

जर्मन पुरातत्त्वज्ञ आडोल्फ फुर्टव्हेंगलर तिथे आले ते याच सुमारास. जन्म १८५३चा, फ्रायबुर्गचा. विशीच्या मध्यावर ऑलिंपियाच्या उत्खननात त्यांच्या वाट्याला काशाच्या वस्तू आल्या: हजारो लहानसहान पुतळे, कड्या, पत्रे, मोडकी हत्यारं. भव्य मूर्ती सापडली की गाजावाजा होतो. हे भंगार मात्र कुणीतरी चिकाटीने निवडत बसावं लागतं. ते त्यांनी निवडलं. माझ्या मते त्यांची नजर तिथेच घडली. वस्तूचा थाट सोडून केसाची बट, पापणीची कड, वस्त्राची चुणी पाहायची सवय त्यांना तिथे लागली. बर्लिनच्या संग्रहालयात नोकरी करताना कोरीव रत्नांवर काम केलं, त्याने ती नजर आणखी तासली गेली.

ड्रेस्डेनच्या दोन अथीनांपैकी एकीच्या चेहऱ्यावर ती नजर अडकली. डागडुजी बरीच होती, पण तिच्याखाली मूळ चेहरा शिल्लक आहे असं त्यांचं मत झालं. आणि हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता! बोलोन्याच्या संग्रहालयात, चित्रकार पेलाजियो पालाजी यांच्या संग्रहातून आलेलं एक देखणं संगमरवरी मस्तक होतं. डोळ्यांच्या खोबण्या रिकाम्या, केसांना फीत बांधलेली, शिरस्त्राण नाही. अथीना म्हटली की डोक्यावर शिरस्त्राण हवंच, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे या मस्तकात युद्धदेवतेला शोधायला कोण जाणार?

बोलोन्याच्या मस्तकाची प्लास्टरची प्रत मागवली गेली. दुसऱ्या पुतळ्याच्या खांद्यांमध्ये मस्तक बसवण्यासाठी खोबण होती, तीत ती उतरवली. बसली. १८९१ साली फुर्टव्हेंगलरांनी हा शोध जाहीर केला.

इथे थांबले असते तर कुणी फारशी कुरकूर केली नसती. पण त्यांनी पुढची उडी मारली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसेनियस सांगतो, की अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर लेम्नोसच्या लोकांनी अर्पण केलेली अथीना होती आणि शिल्पकार फिडियसच्या कामांत पाहण्यासारखी तीच. लेखक लुशियन तिच्या चेहऱ्याच्या रेखेची, गालांच्या कोवळेपणाची तारीफ करतो. चौथ्या शतकातला वक्ता हिमेरियस म्हणतो, की फिडियसने देवीला दरवेळी शस्त्रं चढवली नाहीत. एकदा शिरस्त्राणाऐवजी गालावर लाली दिली. बोडक्या डोक्याची अथीना! फुर्टव्हेंगलरांच्या लेखी प्रश्न सुटला. ड्रेस्डेनचं धड आणि बोलोन्याचं मस्तक म्हणजे फिडियसच्या हरवलेल्या काशाच्या ‘लेम्निया’ची रोमन काळातली संगमरवरी नक्कल.

१८९३च्या त्यांच्या ग्रीक शिल्पांवरच्या जाडजूड ग्रंथात ही कथा आली, दोन वर्षांत युजेनी सेलर्स यांनी ती इंग्रजीत नेली, आणि जोडलेल्या अथीनेच्या प्लास्टरच्या प्रती कितीतरी संग्रहालयांत उभ्या राहिल्या. १९८३ साली अमेरिकन अभ्यासक किम हार्ट्सविक यांनी जोडणीवर आणि नावावर, दोन्हींवर बोट ठेवलं. त्याला प्रत्युत्तरंही आली. वाद मिटलेला नाही. मला जोडणी पटते. नावाचं मात्र तसं नाही. त्या दगडावर एक अक्षरही कोरलेलं नाही, आणि पौसेनियसने देवीच्या डोक्यावर काय होतं ते सांगितलेलं नाही.

अक्षरं असूनही फसायला होतं, ते पॅरिसच्या लुव्रला कळलं. एप्रिल १८९६ मध्ये त्या संग्रहालयाने २ लाख फ्रँक मोजून सोन्याचा एक मुकुट घेतला. त्यावर इलियडमधले प्रसंग, शकांचं रोजचं जगणं, आणि ग्रीक लेख: ओल्बिया नगरीने अजिंक्य राजा सैताफेर्नीस याला अर्पण केलेला. राजा खरा होता, शिलालेखांतून ठाऊक होता. पीटर्सबर्गचे अभ्यासक वेसेलोव्स्की यांनी शंका काढली होती, पण तोफ डागली फुर्टव्हेंगलरांनी. त्याच वर्षी ‘कॉस्मोपोलिस’ नियतकालिकात त्यांनी लिहिलं की मुकुट नकली आहे. शैली वेगवेगळ्या काळांतून उचललेली, सोन्यावर खऱ्या जुनेपणाचा रंग नाही, आणि ठोके पडलेत तेही नेमके कोऱ्या जागी, चित्रं सांभाळून. पॅरिसने याला जर्मन पोटदुखी ठरवलं. जर्मनीशी झालेल्या १८७०च्या युद्धाची जखम अजून ओली होती, तेव्हा हे समजण्यासारखं आहे.

सात वर्षं मुकुट काचेत दिमाखात राहिला. मग १९०३ मध्ये मोंमार्त्रच्या एका कलाकाराने तो आपणच घडवला अशी थाप मारली आणि गवगवा झाला. त्यातून खरं नाव पुढे आलं: ओडेसाचे सोनार इस्रायल रुखोमोव्स्की. त्यांना पॅरिसला बोलावून कसोटी घेतली गेली; त्यांनी मुकुटाचा एक भाग सगळ्यांसमोर पुन्हा घडवून दाखवला. एका प्राध्यापकाला भेट द्यायची आहे, असं सांगून दलालांनी त्यांच्याकडून काम करून घेतलं होतं. या साऱ्यात अब्रू वाढली ती एकट्या या सोनाराची.

फुर्टव्हेंगलर तोवर म्युनिकला प्राध्यापक आणि ग्लिप्टोटेक संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या मूर्ती ग्रीसच्या एजिना बेटावरच्या देवळाच्या, १८११ साली सापडलेल्या. देऊळ कुणाचं? कुणी झ्यूसचं म्हणे, कुणी अथीनेचं. १९०१ साली फुर्टव्हेंगलर तिथे खणायला गेले आणि मातीतून शिलालेख निघाला. पुजाऱ्याच्या नावासकट त्यात नोंद होती, की अफाया देवीसाठी वास्तू बांधली. क्रीटकडून आलेली मानली जाणारी ही स्थानिक देवता. पौसेनियसने तिचा उल्लेख केला होता, पण या देवळाशी कुणी तिची सांगड घातली नव्हती. या वेळी नजरेला साथ द्यायला अक्षरं होती, आणि ती खरी होती. त्या नावाबद्दल नंतर वाद उरला नाही.

१९०७ साली ते पुन्हा एजिनाला गेले. तिथे आमांशाने आजारी पडले आणि ऑक्टोबरमध्ये अथेन्सला वारले. वय ५४. त्यांचं दफनही तिथेच झालं. मुलगा विल्हेल्म तेव्हा एकविशीचा होता; पुढे वाद्यवृंदाचा संचालक म्हणून त्याचं नाव बापापेक्षा मोठं झालं.

एजिनाच्या देवळाच्या मूर्तींना डॅनिश शिल्पकार थोर्वाल्डसेन यांनी एकोणिसाव्या शतकात नवे अवयव बसवले होते. १९०६च्या ग्रंथात फुर्टव्हेंगलरांनी मूर्तींची मांडणी नव्याने सुचवली, पण ते अवयव निघाले १९६०च्या दशकात, डीटर ओली यांच्या हातून. म्युनिकला जाणं झालंच तर ग्लिप्टोटेकमध्ये त्या मोडक्या योद्ध्यांपुढे थोडा वेळ काढा. थोर्वाल्डसेनचे अवयव आता तिथे दिसत नाहीत.