तीन खवले, आठ कड्या

चिलखत म्हणजे हजारो लोखंडी कड्यांचा अंगरखा. अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी आत चढवलं होतं ते. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला, तोवर बंदुकीने चिलखताची मातब्बरी बरीच कमी केली होती. वीण मात्र टिकली आणि आता ती गळ्यातल्या पेंडंटमध्ये उतरली आहे.

चिलखताला वार झेलायचा असे, म्हणून कड्यांची तोंडं रिव्हेट मारून पक्की करत. पेंडंटला ती गरज नाही; तोंडाला तोंड नीट भिडलं की झालं. पण सगळी मेख त्या भिडण्यातच आहे.

आधी सामान. कड्यांत ओवायचे तीन धातूचे खवले, सुमारे २२ मिमी लांब, वरच्या टोकाला भोक असलेले. कड्यांची तार १.२ मिमी जाड, कडीचा आतला व्यास ४.८ मिमी, म्हणजे जाडीच्या चौपट. तिपटीच्या खाली गेलात तर कडीत कड्या मावत नाहीत, सहापटीच्या वर वीण ढिली पडते. मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार स्वस्त पडते, पण ती फार मऊ, ओढ बसली की कडी उघडते. पितळ कडक असतं. मात्र अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत घामाने मान हिरवी करतं. माझं मत ॲल्युमिनियमला.

कडी उघडायला बिनदात्यांच्या दोन पकडी घ्या. चिरेच्या दोन्ही बाजू धरा. एक हात पुढे, दुसरा मागे. टोकं बाहेर फाकवू नका, गोलाई गेली की ती परत येत नाही. बंद करताना टोकं आतल्या बाजूला किंचित दाबत, थोडी एकमेकांपलीकडे नेऊन मागे आणा. टोकाला टोक घासून बारीक ‘टिक’ होतं. ते ऐकू आलं की कडी बसली.

आता जुळणी. खवल्यांची फुगीर बाजू कायम तुमच्याकडे. खालच्या खवल्याच्या भोकात दोन कड्या घाला. तिसरी कडी त्या दोन्हींतून न्या आणि बंद करण्याआधी तिच्यात वरचे दोन खवले ओवा. चौथी कडी डाव्या खवल्यातून आणि खालच्या डाव्या कडीतून, पाचवी तशीच उजवीकडून. कवेलू चढवावेत तसे वरचे खवले खालच्याचं भोक झाकतात. सहावी कडी तिसरी-चौथीतून, सातवी तिसरी-पाचवीतून, आठवी सहावी-सातवीतून. आठवीत साखळीसाठी एक मोठी कडी.

पेंडंट उलटं करून पाहा. एका ओळीतल्या कड्या एकाच दिशेला कललेल्या हव्यात, पुढच्या ओळीतल्या उलट दिशेला. एखादी वेगळीच उभी दिसली तर ती चुकीच्या बाजूने ओवली गेली आहे. तेवढीच उघडून फिरवा.

गळ्यात घालण्याआधी उन्हात तोंडाला बांधायच्या स्कार्फवरून पेंडंट दोनदा ओढा. धागा अडकला तर कुठल्या तरी कडीचं तोंड उघडं आहे. ती शोधा आणि पुन्हा आवळा.