तुझा कोड दे, बाकी आम्ही पाहतो

रमजानच्या दीड-दोन महिने आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जालन्यात त्याचं किराणा आणि सुक्या मेव्याचं लहानसं दुकान आहे. म्हणाला, "सर, दुबईतला एक जण म्हणतोय, आयात-निर्यात कोड तुझ्या नावावर काढ, खारीक आम्ही मागवतो. तुला बसल्या जागी कमिशन. काढू का?"

कोड काढणं अवघड नाही. पॅन, बँक खातं, पाचशे रुपये शुल्क आणि ऑनलाइन अर्ज, एवढ्यावर काम होतं. म्हणूनच तो उसना मागणारेही भेटतात. मी विचारलं, "खारीक कुठली?"

"दुबईची."

दुबई हे मालाचं बंदर. शीरखुर्म्यासाठी आपण घेतो ती खारीक वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात पाकिस्तानातल्या सिंधमधून यायची. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क लावलं. पहलगामनंतर, 2 मे 2025 रोजी, विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, आयात पूर्णच बंद केली. त्या अधिसूचनेत थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही आयातीवर बंदी आहे. वाटेत दुसऱ्या देशात कंटेनर बदलला, तरी मालाचा मूळ देश बदलत नाही.

तरी प्रयत्न झाले. जून 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात 39 कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. त्यात 1,115 टन माल होता, किंमत सुमारे नऊ कोटी. त्यातल्या खारकेच्या कागदांवर मूळ देश संयुक्त अरब अमिराती लिहिलेला होता, पण माल कराचीहून निघून दुबईमार्गे आलेला. अटक झाली ती इथल्या आयातदार फर्मच्या एका भागीदाराला. कोड ज्याच्या नावावर, जाब त्यालाच द्यावा लागतो. 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय कोडही जातो.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना इशारा आहे. मूळ देश खोटा लिहिणं हेही मापात मारणंच, असं मला वाटतं.

माल बाहेर पाठवतानाही असंच बघावं लागतं. आधी मालाचा एचएस कोड शोधायचा आणि तो निर्यातीस मुक्त आहे, परवान्यावर आहे की बंद, हे त्या दिवशीच्या डीजीएफटीच्या अधिसूचनेत पाहायचं. कालचा नियम आज असेलच असं नाही. कांद्याची निर्यात 8 डिसेंबर 2023 रोजी बंद झाली, 4 मे 2024 रोजी टनाला 550 डॉलरच्या किमान दराने उघडली, सप्टेंबरमध्ये तो दरही उठला, आणि उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेलं. या काळात ज्याने जुन्या माहितीवर सौदा केला, त्याचा माल बंदरावर अडला.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी आणखी एक यादी पाहावी. तिला स्कोमेट म्हणतात. साधी बांधकामाची सळई तिच्यात नाही, पण काही खास पंप, व्हॉल्व्ह, रसायनं, ड्रोन आहेत. शस्त्रासाठीही वापरता येईल असा हा माल परवान्याशिवाय पाठवता येत नाही. वस्तू यादीत नसली, पण ती महासंहारक शस्त्रांसाठी वापरली जाईल हे आपल्याला माहीत असेल, तरी परवानगी लागते. त्यामुळे घेणाऱ्याचं नाव कळून भागत नाही, माल शेवटी कोण वापरणार हेही विचारावं लागतं.

निर्बंधांचा घोळ वेगळाच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध भारत पाळतो. अमेरिकेचे निर्बंध आपल्याकडे कायदा नाहीत, पण डॉलरमधला पैसा अमेरिकी बँकांतून फिरतो. म्हणून इराणला तांदूळ किंवा चहा विकणं इथे गुन्हा नसूनही पैसे मिळताना अडचण येते. माल भरण्याआधी बँकेत जाऊन विचारलेलं बरं.

माझ्या विद्यार्थ्याने दुबईवाल्याकडे मूळ देशाचा दाखला आणि माल पहिल्यांदा जहाजात चढला तिथपासूनचे कागद मागितले. उत्तर आलं, "एवढं कोण विचारतं?" त्यानंतर फोन लागलाच नाही. रमजानभर त्याने घाऊक व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलावर आणलेला खजूर विकला. खारीक यंदा थोडीच होती.