कुकरची शिट्टी आणि जबलपूरचे इंजिन

कुकरची शिट्टी झाली, की जवळ असेल ती व्यक्ती उठते आणि शेगडीची आच कमी करते. आपण उष्णतेच्या एका बलाढ्य शक्तीला आवर घालीत आहोत, ही जाणीव त्या वेळी कोणाला क्वचितच असते. परंतु जबलपूरच्या स्थानकावर उभ्या असणाऱ्या वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन ज्या साधनांवर नजर ठेवीत, त्यांतील दोन आज आपल्या कुकरच्या झाकणावर बसली आहेत.

जबलपूरचे नाव आपल्या लोहमार्गांच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले आहे. मुंबईहून भुसावळ, इटारसीमार्गे आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग 1870 च्या मार्च महिन्यात येथे एकमेकांस मिळाले आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे अरुंद मापाची गाडीही येथे येऊ लागली. या साऱ्या गाड्या प्रथम ओढल्या त्या कोळसा आणि पाणी यांनी. कोळशातील उष्णतेचे गतीत रूपांतर करण्याची ही किमया साध्य झाली कशी?

तापमापक जे सांगत नाही

उष्णतेला कामाला लावायचे, तर प्रथम ती मोजता आली पाहिजे. तापमापक हे त्याचे पहिले साधन. परंतु ते अर्धेच सत्य सांगते. उकळू लागलेल्या पाण्याखाली कितीही जाळ घातला, तरी उघड्या भांड्यात तापमापकाचा पारा 100 अंशांच्या आसपास थांबून राहतो. मग ती उष्णता जाते कोठे? ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात याचे उत्तर शोधले. ती पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवण्यास 80 कॅलरी पुरतात; त्याच पाण्याची वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. आपल्या इंजिनात एवढी उष्णता कशी वाया जाते, हे जेम्स वॉटला उमगले तेही याच काळात आणि याच गावी.

वाफ झालेले पाणी मूळच्या सुमारे सोळाशेपट जागा मागते. ती जागा दिली नाही, तर ते भांड्यावर दाब देते. या दाबानेच इंजिनाचा दट्ट्या सरकतो, आणि पहारा सुटला तर बाष्पकाच्या चिंधड्याही याच दाबाने उडतात.

दाबावरील पहारेकरी

या पहाऱ्याचा आरंभ स्वयंपाकाच्या भांड्यातूनच झाला. फ्रान्सच्या दनी पापँ यांनी 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे एक बंद भांडे मांडले. ते फुटू नये म्हणून त्यांनी त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. दाब मर्यादेबाहेर गेला, की झडप उचलली जाई आणि वाफ निसटे. इंजिनावरील सुरक्षा झडप आणि कुकरची शिट्टी ही दोन्ही तिचीच वंशज होत.

दाब किती, हे दाखवणारी तबकडी 1849 मध्ये यूजेन बूर्दाँ यांनी सिद्ध केली. तिच्यातील वाकवलेली नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. भारतात 1947 पासून धावलेल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनात दाबाची मर्यादा दर चौरस इंचास 210 पौंड असे. त्या दाबाला पाणी उकळते सुमारे 200 अंशांवर. आपल्या कुकरमध्ये ते सुमारे 120 अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते.

परंतु खरा धोका असे तो पाणी कमी होण्याचा. भट्टीच्या छतावर पाणी नसेल, तर लोखंडही तापून मऊ पडते. म्हणून त्या छतात शिसे भरलेले एक बूच बसवीत. पाणी उतरले, की शिसे वितळे आणि त्या छिद्रातून वाफ भट्टीत घुसून सावधगिरीचा इशारा देई. कुकरच्या झाकणावरील छोटी सुरक्षा चकती हेच काम करते. ती वितळली, तर तिच्या जागी भलतीच वस्तू बसवून काम भागवणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवण्यासारखे आहे.

पूर्ण मोबदला नाही

एवढे करूनही वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेच्या दहाव्या हिश्शाचेही गतीत रूपांतर करीत नसे. साऱ्या उष्णतेचे काम कोणत्याही इंजिनाकडून होऊ शकत नाही, याचे मर्म सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने 1824 मध्येच सांगितले होते. काम किती मिळेल, याची मर्यादा उष्ण आणि थंड बाजूंच्या तापमानातील अंतर ठरवते.

आपल्या मोठ्या मापाच्या मार्गांवरील वाफेच्या गाड्यांची नित्याची सेवा 1995 मध्ये संपली. जबलपूरची अरुंद मापाची गाडीही 2015 मध्ये थांबली आणि तेथे रुंद रूळ आले. आज जबलपूरहून विजेची इंजिने धावतात. त्यांच्यात भट्टी नाही. पण त्यांच्या तारेत येणारी बरीचशी वीज बिरसिंगपूरसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळूनच निर्माण होते. बाष्पक गाडीवरून उतरून दूर जाऊन बसला आहे, एवढेच! तेथे उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश भागाची वीज होते. उरलेला मोठा भाग आजही वाया जातो.

म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करणे ही केवळ काटकसर नव्हे. झडप उचलली गेल्यावर आतील पाणी अधिक तापत नाही. जादा जाळाची निव्वळ वाफ होऊन ती घरभर पसरते. उष्णता मोजून आणि आवरून वापरण्याचा जो धडा इंजिनाच्या भट्टीपुढे उभ्या माणसाला जिवाच्या भीतीने शिकावा लागला, तो आपल्याला शेगडीजवळ सहज शिकता येतो.