मैलापाण्याच्या तोंडाशी नदीची तपासणी

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे पाणी जिथे नदीत पडते, त्या तोंडाच्या वर एक नमुना घेतात आणि खाली निदान दोन. खालची पहिली जागा निवडताना घाई नडते. केंद्रातून आलेले पाणी बरेच अंतर काठाकाठाने वेगळेच वाहत राहते. त्या पट्ट्यात बाटली बुडवली तर केंद्राचे पाणी तपासले जाते, नदीचे नव्हे.

ऑक्सिजन मोजायची बाटली काठोकाठ भरतात, आत एकही बुडबुडा राहू देत नाहीत. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून ती उलटसुलट केली की साका धरतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे; पांढराच राहिला तर जवळजवळ संपला आहे. आम्ल घातल्यावर पाणी पिवळे होते, स्टार्चने निळे, आणि थायोसल्फेटच्या ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे मोजणी थांबते. विंकलर यांनी 1888 मध्ये दिलेली ही रीत आजही भरवशाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालन आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो.

ऑक्सिजन तोंडापाशी सर्वांत कमी नसतो. जिवाणू घाण खात पुढे जातात तसा तो घटत जातो आणि बऱ्याच अंतराने सावरतो. हा उतार स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये ओहायो नदीवरील कामातून गणितात बसवला. वेळही तितकीच महत्त्वाची. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, रात्री वापरते. म्हणून मासे गुदमरतात ते पहाटे. फक्त दुपारी घेतलेल्या नमुन्यावर नदीला निरोगी ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

बाटली त्या क्षणाचे सांगते. मागच्या कित्येक आठवड्यांचे सांगतात दगडाखालचे जीव. वाहत्या उथळ पाण्यात जाळी धरून तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने हलवतात, सुटलेले किडे जाळीत येतात. वरच्या जागी दगड उलटला की मे-माशीची चपटी पिल्ले सरसर बाजूला पळतात. पोटाच्या कडांना त्यांचे कल्ले हलताना दिसतात. वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी कॅडिसची अळीही तिथेच. खाली गाळ हातात घेतला तर लालभडक अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमींचे गुंते. अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा; त्याच्या बळावर त्या तुटपुंज्या ऑक्सिजनवर तगतात. ब्रिटनमधल्या जुन्या गुणपद्धतीत चपट्या मे-माशीच्या कुळाला 10 गुण होते, लाल अळीच्या कुळाला 2, गाळातल्या कृमींना 1. मात्र वर खडक आणि खाली चिखल असेल तर ही तुलनाच चुकते, कारण जीव तळ बदलला तरी बदलतात. दोन्हीकडे तळ आणि ओढ सारखी हवी.

दख्खनमध्ये खरा प्रश्न उन्हाळ्यातल्या पाण्याचा आहे. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने 1912 मध्ये सांडपाण्याची मर्यादा सुचवली, ती नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असे धरून. पुण्यात खडकवासला धरणात पाणी अडले की उन्हाळ्यात मुठा नदीला असे पाणी मिळत नाही. केंद्र कागदावर उत्तीर्ण होते आणि तरीही दगडाखाली मे-माशी नसते. पूर तर किडेच धुऊन नेतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर काही आठवडे थांबून मगच जाळी पाण्यात उतरते.