वाफेची किमया
व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे तेलक्षेत्रात १९५९ साली भूगर्भात वाफ सोडून काकवीसारखे घट्ट तेल पुढे रेटण्याचा प्रयोग चालू असता, वाफ जमीन फोडून वर उसळली, आणि दाब उतरविण्याच्या तजविजीखातर वाफेच्याच विहिरी उघडल्या, तो त्यांतून तेलाचा भरघोस ओघ सुरू झाला. वाफ भरावी, काही दिवस मुरू द्यावी व त्याच विहिरीतून तेल उपसावे, ही चक्रीय पद्धत अशी योगायोगाने जन्मास आली. उष्णतेने तेलाची श्यानता शेकडो पटींनी घटते खरी. परंतु पाणी उकळण्यास लागणारे इंधन ही या पद्धतीची जबर किंमत होय. म्हणूनच वाफेसोबत वायू सोडण्याची युक्ती मला विशेष मोलाची वाटते: नायट्रोजन थराच्या माथ्याशी साचून उष्णता निसटू देत नाही, तर कार्बन डायऑक्साइड तेलात विरघळून त्यास अधिकच प्रवाही करतो.